रकाना चौथा

फैजपूरला मे महिन्यात
वीस अंशांची खोली करायची म्हणजे
एक जुना एसी, खिडकीवर ओली गोणपाटं
आणि सुभान तडवींनी सायकलवरून आणलेली बर्फाची लादी,
भुशासकट.

पाणीही त्यांनीच आणलं.
सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांच्या घरामागची विहीर, दोन कॅन.
नळाचं चालत नाही, त्यात क्लोरीन.
गाळलं, हवेवर ठेवलं, मग मांडले चोवीस बीकर:
औषधाच्या पाच पायऱ्या, प्रत्येकीचे चार,
आणि चार नुसत्या पाण्याचे.
दर बीकरात पाच पाणपिसवा.

एकशेवीस. सगळ्या माद्या.
काल संध्याकाळनंतर जन्मलेल्या,
बापाशिवाय, आईची हुबेहूब नक्कल,
इतक्या आरपार की भिंगाखाली
पोटातला हिरवा घास दिसतो
आणि पाठीशी काळीज, भराभर,
जे मोजायला मला कुणी सांगितलेलं नाही.

बाटलीवर नाव नाही, फक्त नंबर.
पण वास ओळखीचा.
केळीच्या घडावर मारायचं काहीतरी.
बाबा पाटावर पंप धुवायचे
आणि आम्ही बहिणी खालच्या अंगाला
ओंजळीत धरायचो उड्या मारणारे ठिपके.
तेव्हा त्यांना नाव नव्हतं.
कधीकधी ते उड्या मारत नसत,
मग आम्ही दुसरं काही खेळायचो.

अठ्ठेचाळीस तासांनी शेवटची नजर.
बीकर हलकेच गोल फिरवायचा,
पंधरा सेकंद थांबायचं,
जी पोहली नाही ती चौथ्या रकान्यात.
मेली असं लिहायचं नाही.
मेल्याला पुरावा लागतो,
'हलत नाही' याला पंधरा सेकंद पुरतात.

बाराव्या सेकंदाला एकीच्या मिशा थरथरल्या.
मी पेन उचललं.
पण नियमात तेही आहे:
मिशा हलल्या तरी थांबलेलीच धरावी.
धरली.

सुभानभाऊ मागून वाकले,
"मॅडम, मले त या साऱ्या सारख्याच दिसता."
सारख्याच आहेत, म्हटलं. म्हणून तर घेतल्या.

सगळ्यात कडक पायरीला वीसपैकी वीस.
मग सतरा. अकरा. चार. एक.
आलेखावर ठेवली तर सर पाठ थोपटतील
अशी देखणी उतरंड.
मग नुसत्या पाण्याचे चार बीकर,
जे खरं तर बघायचे म्हणून बघतात.
त्यात तीन.

दोन चालल्या असत्या. तीन नाही.
मी पुन्हा फिरवला बीकर, जे करू नये.
तीन.

रात्री दीड ते साडेचार लाइट नव्हती,
बर्फाचं पाणी झालं होतं,
तापमापी एकतिसापर्यंत जाऊन आली होती.
उकाड्यानं असेल, मी म्हटलं.
नाहीतर मग पाणी.

ते जरा वेळ काही बोलले नाहीत.
"ते पानी त आम्ही घरी पेतो, मॅडम."

माणूस म्हणजे पाणपिसू नव्हे,
हे मला त्यांना सांगता आलं असतं.
उकाडाच असणार, हेही.
मी तक्त्यावर तिरकी रेघ ओढली आणि लिहिलं: अवैध.
म्हणजे ते वीस, ते सतरा, ती मिशांवाली,
कुणीच कशानं थांबलेलं नाही आता.
उद्या औषध नाही.
उद्या नुसती दोन पाणी: एक इथं बनवलेलं,
एक त्यांचं.

सुभानभाऊंनी रिकामा कॅन उचलला, वास घेतला,
आणि सायकलला न अडकवता
दाराशीच ठेवून दिला.
मी मोठ्या बरणीत रुंद तोंडाची नळी घातली,
नव्या मोजायला घेतल्या.
एक. दोन.
एक निसटली.
दोन.